कडेपर्यंत लोणी

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी पुरावा म्हणून लिहिते आहे. उद्या कोणी म्हणालं की म्हातारीच्या डोक्यात आता काही राहत नाही, तर काय राहतं ते तारीखवार दाखवता येईल. चौतीस वर्षं मी कापड गिरणीत तयार मालाच्या तपासणीवर होते. एक धागा तुटलेला दिसला तरी तागा परत पाठवायचे. तिथे तोंडी तक्रारीला कोणी हिंग लावून विचारत नसे. म्हणून लेखी.

काल घडलं ते असं. सकाळी लेक आली होती. एकुलती एक, अर्ध्या तासावर राहते, आणि मी इस्पितळातून आल्यापासून रोज येऊन माझ्यावर देखरेख ठेवते. जाताना तिने भाज्यांचं सूप शेगडीवर ठेवलं आणि पंधरा मिनिटांनी बंद करायला सांगून गेली. मी गजर लावला. गजर वाजताच स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर काहीही नव्हतं. दोन बर्नरची शेगडी, लख्ख पुसलेली, रिकामी. मला वाटलं, बाईसाहेबांनीच जाताजाता भांडं उतरवलं आणि सांगायच्या विसरल्या. तरी खात्रीसाठी बटणाला हात लावून पाहिला, बंद होतं. मग बाहेर येऊन पेपर वाचत बसले. करपल्याचा वास येत होता, पण या इमारतीत रोज कोणाचं ना कोणाचं करपतच असतं.

तासाभराने घड्याळवाले धाडकन दार उघडून आत आले. ते खालच्या मजल्यावर राहतात, माझ्या नवऱ्याचे जुने मित्र, घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. म्हणतात, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, पातेल्याचा कोळसा झाला होता आणि बाजूचं फडकं पेटलं होतं. पातेलं डाव्या बर्नरवर होतं म्हणे.

नव्हतं. मी पाहिलं होतं. मग ते तिथे कोणी आणून ठेवलं, असा साधा प्रश्न मी लेकीला विचारला, तर ती रडायला लागली. रडणं हे उत्तर नव्हे.

महिन्यापूर्वी मला मेंदूत गुठळी अडकून एक लहानसा झटका आला, हे मी नाकारत नाही. पण हात चालतो, पाय चालतो, आणि जीभ पूर्वीपेक्षा जास्त चालते असं जावईच म्हणतो. तरी लेकीचं ठरलंय की मी तिच्याकडे राहायला जायचं आणि हे घर बंद करायचं. ज्या खोलीत तिचं चालण्याचं यंत्र आहे, तिथे माझा पलंग लागणार. खूप वादावादी झाली आणि शेवटी एका अटीवर गाडी थांबली. इस्पितळातून एक थेरपिस्ट येईल, मला माझ्याच स्वयंपाकघरात जेवण करायला लावेल आणि बघेल. तिने हो म्हटलं तर मी इथे. नाही म्हटलं तर महिनाअखेर बोचकं बांधायचं.

सत्तर वर्षांच्या बाईची स्वयंपाकाची परीक्षा. ठीक आहे. परीक्षेला मी कधी भ्यायले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पेपराचा दर्जा रसातळाला गेला आहे. हल्ली वाक्यं मधूनच सुरू होतात. आज अग्रलेखाची पहिली ओळ होती: "केल्याशिवाय गत्यंतर नाही." काय केल्याशिवाय? दुसरी ओळही तशीच लोंबकळत. संपादकांना खरमरीत पत्र लिहून टाकलं. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, अर्धं वाक्य लिहिणारा माणूस अर्धाच विचार करतो.

डावी चप्पल सापडत नाही. एकीवर लंगडत दारापर्यंत गेले. तर चौकटीने दंडावर हा एवढा काळानिळा वण दिला. पंचेचाळीस वर्षं त्या दारातून जातेय, ते कधी अंगावर आलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

थेरपिस्ट आली. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, स्वतःपेक्षा मोठी पिशवी. आल्या आल्या "कशा आहात आजी?" मी म्हटलं, मला एकही नातवंड नाही, तेव्हा आपण कोण? बिचारी लाल झाली. मग तिने "बाई" म्हटलं तर चालेल का असं विचारलं. चालेल म्हटलं. वळण लागण्यासारखी आहे.

आज फक्त कागदावरचे खेळ होते. एक वर्तुळ दिलं आणि म्हणाली, यात घड्याळाचे आकडे भरा. भरले. मग एका कागदावर इकडेतिकडे सांडलेल्या बारीक रेघा, त्या सगळ्या काटायच्या. मिनिटात काटल्या. सगळ्या झाल्या का, असं तिने दोनदा विचारलं. सगळ्या, म्हणून मीही दोनदा सांगितलं. ती काहीतरी लिहीत राहिली.

खरी परीक्षा शुक्रवारी, एकवीस तारखेला, दुपारी बारा वाजता. दोन माणसांचं साधं जेवण. त्यात काहीतरी गॅसवर शिजलेलं हवं आणि काहीतरी चिरलेलं हवं. ती बसून बघणार, मदत करणार नाही. पास व्हायला किती मार्क लागतात, असं मी विचारलं. मार्क नसतात बाई, म्हणाली, फक्त हो किंवा नाही.

पदार्थ मी तिथेच ठरवला. उघडा टोस्ट. वरून दुसरी स्लाइस झाकायची नाही, सगळं केलेलं समोर दिसतं. शाळेत गृहविज्ञानाला सिस्टरांनी पहिला हाच शिकवला होता. त्या मागून यायच्या, पट्टी टोस्टच्या कडेला टेकवायच्या आणि म्हणायच्या, "कडेपर्यंत लोणी. जिथे लोणी नाही तिथे भाजीचं पाणी मुरतं, आणि जिथे पाणी मुरतं तिथे टोस्टचा लगदा होतो." आणि जिचा लगदा व्हायचा तिला तो उभ्याने खावा लागायचा. मी एकदाही उभी राहिले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव.

बाजारात लेक बरोबर आली, माझा दंड धरून, जणू मी पतंग आहे आणि उडून जाईन. मटार आता शेवटचेच, पण कोवळे मिळाले. गाजरं, लाल मुळे, पातीचा कांदा. कालचा ब्रेड मागितला. टोस्टला ताजा ब्रेड घेणारी माणसं आयुष्यात दुसरंही बरंच काही चुकतात.

मटार मिठाच्या पाण्यात चार मिनिटं उकळले, गार पाण्याखाली धरले आणि काट्याने अर्धवट ठेचले. त्यात लोणी, लिंबू, मिरपूड. सोलाण्याने गाजराच्या लांब पातळ पट्ट्या काढल्या, मुळ्याच्या चकत्या. स्लाइस तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. मग लोणी कडेपर्यंत, त्यावर मटार, त्यावर गाजराच्या पट्ट्या, मुळा, कांद्याची पात. चित्रासारखा दिसत होता.

लेकीने ताटली समोर ओढली. मग म्हणाली, "आई, अर्ध्यालाच का लावलंस?"

मी म्हटलं, डोळे तपासून घे. ती म्हणाली, अगं हे बघ ना. मी बघत होतेच. मग ती उठून बेसिनपाशी जाऊन उभी राहिली आणि पाणी सोडून ठेवलं. हा तिचा लहानपणापासूनचा उद्योग. रडणं ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायचा, आणि पाणी फुकट.

मी माझा टोस्ट संपवला. उत्तम झाला होता. ताटली धुवायला घेतली तर तिच्यावर कोरड्या ब्रेडचा एक तुकडा. लेकीने तिचं उष्टं माझ्या ताटलीत टाकलं असणार. वाढवलं मीच, काय बोलणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

घड्याळवाल्यांना गुरुवारचं ते घड्याळाचं चित्र दाखवलं. थेरपिस्टकडून प्रत मागून घेतली होती, पुरावा म्हणून. त्यांच्याइतका जाणकार साक्षीदार कुठे मिळणार? त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला. मी विचारलं, बरोबर आहे ना? ते म्हणाले, "आकडे बाराही आहेत, वहिनी. एकही सुटलेला नाही." मग चहा न घेताच गेले. त्यांना चहा नको, हे मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

हल्ली त्यांचं वागणंही चमत्कारिक झालं आहे. आवाज येतो पण माणूस दिसत नाही. या वयात लपंडाव खेळतात.

ही वही फार अरुंद निघाली. चार शब्द लिहिले की ओळ संपते. लेक म्हणते, अर्धं पान कोरं का सोडतेस? कुठे कोरं आहे?

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा सराव, एकटीने. खायला बसले, सगळा संपवला, आणि धुताना ताटलीवर पुन्हा कोरडा तुकडा. आज लेक आलेलीच नाही.

याचा विचार करायला हवा. आज करणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

 जे झालं ते झालं तसंच लिहिते.

थेरपिस्ट आज सरावाला आली. मी टोस्ट केला. ती म्हणाली, बाई, झालं का? मी म्हटलं, झालं. सगळीकडे लागलंय? मी म्हटलं, कडेपर्यंत. मग तिने ताटलीला एक बोट लावलं आणि ताटली हळूच अर्धी फिरवली.

टोस्ट अर्धा उघडा होता. मधोमध सुरीने आखल्यासारखी रेघ, रेघेपलीकडे नुसता ब्रेड. लोण्याचा थेंब नाही.

मी म्हटलं, तुम्ही ताटली बदलली. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मग खरवडलं. पत्ते लपवणाऱ्या जादूगारालाही मी इतकं सुनावलं नसतं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने खुर्ची माझ्या उजव्या हाताला ओढली आणि म्हणाली, "बाई, तुमचे डोळे चांगले आहेत. डोक्यातही गोंधळ नाही. पण झटक्यानंतर तुमचा मेंदू डावी बाजू मोजायलाच विसरलाय. जे डावीकडे आहे ते तुम्हाला अंधुक दिसत नाही, बाई, ते तुमच्यासाठी नसतंच. म्हणून काही कमी आहे हेही कळत नाही."

सूप, पेपर, चप्पल, चौकट, उजव्या अर्ध्यात कोंबलेले घड्याळाचे बाराही आकडे, एकेक तिने बोटावर मोजलं. लेकीने सगळं सांगितलेलं दिसतंय. माझ्यामागे माझी फाइल तयार होतेय.

मी तिला दार दाखवलं. सभ्यपणे, पण दाखवलं. जाताना तिने ओट्यावर आणि टेबलावर डाव्या कडेला लाल पट्ट्या चिकटवल्या आणि म्हणाली, लाल दिसेपर्यंत मान वळवत राहा. लहान मुलांच्या शाळेत लावतात तशा पट्ट्या. माझ्या ओट्यावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी दाराला आतून कडी लावली. टोस्ट केला. ताटली समोर ठेवली. पूर्ण होता, शपथेवर सांगते. मग मी स्वतःच्या हाताने ताटली फिरवली.

घरात दुसरं कोणी नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल दिवसभर कोणाशी बोलले नाही. लेकीचा फोन तीन वेळा आला. तिसऱ्यांदा उचलून जिवंत आहे एवढं सांगितलं.

पेपर परत काढला. ओळ मला जिथे सुरू होताना दिसली तिथे बोट ठेवलं आणि बोट डावीकडे सरकवत नेलं. शब्द निघत गेले, गादीखालून काहीतरी ओढून काढावं तसे. चार तारखेच्या अग्रलेखात लिहिलं होतं, "पाण्याचं नियोजन केल्याशिवाय गत्यंतर नाही." संपादकांना मी काय काय म्हटलंय ते आठवून कान गरम झाले. माफीचं पत्र लिहिणार नाही. बाकी अग्रलेख तसाही टुकारच होता.

लाल पट्टीचा मला काडीचा उपयोग नाही. पट्टीकडे बघायचं हे आठवायला आधी तिकडे काहीतरी आहे हे आठवावं लागतं. पण आज बोटाने शब्द ओढताना गिरणी आठवली. तपासणीच्या टेबलावर कापड सुरू होण्याआधी आमची वरची बाई ओरडायची, काठ हातात घ्या. डावा अंगठा कापडाच्या काठावर घट्ट, आणि काठ अंगठ्याला लागल्याशिवाय नजर हलवायची नाही. दुसऱ्या पाळीला सगळ्यांचेच डोळे खोटं बोलतात, असं ती म्हणायची. अंगठा खोटं बोलत नाही.

माझ्या डाव्या अंगठ्याला सगळं कळतं. त्याला झटका आलेला नाही.

टोस्ट केला. डाव्या अंगठ्याने ब्रेडची कड चाचपली, ती सापडल्यावर सुरी अंगठ्याला भिडेपर्यंत लोणी नेलं. मटारही तसेच, गाजरही तसंच. मग ताटली फिरवली. पूर्ण. अंगठा मात्र लोण्याने माखलेला. सिस्टरांनी पट्टी मारली असती.

थेरपिस्टला फोन करून सांगितलं. ती लहान पोरीसारखी खूश झाली. मग म्हणाली, टोस्ट झाला, पण मला खरी काळजी शेगडीची आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शेगडीची परीक्षा स्वतःच घ्यायची ठरवली. डाव्या बर्नरवर मटारासाठी पाणी ठेवलं, हाताने चाचपून, नीट. दहा मिनिटांचा गजर लावला आणि मुद्दाम बाहेर जाऊन बसले. म्हटलं, विसरू दे, मग बघू.

गजर वाजला. आत गेले. शेगडीवर काही नव्हतं.

पाणी मात्र उकळत होतं. मला ऐकू येत होतं. झाकण थडथडत होतं, वाफ तोंडावर येत होती, आणि समोर रिकामी शेगडी. आवाज घरातून येतोय की भिंतीतून की माझ्याच डोक्यातून, ते कळेना. मी उजवीकडे वळले. पुन्हा उजवीकडे. उजवीकडूनच फिरत पूर्ण गिरकी घेतली आणि परत तिथेच. पातेलं मीच ठेवलंय हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून ते नव्हतं. असं भय मला इस्पितळातही वाटलं नव्हतं. घड्याळवाल्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली असती तर परीक्षा तिथेच संपली असती.

डावा अंगठा पुढे केला तर चाचपायला काठच नाही, नुसती हवा. मग ओट्याला पोट टेकवून बाजूबाजूने सरकत राहिले, डावा हात ओट्याच्या पुढच्या कडेवरून, थेट भिंत लागेपर्यंत. भिंत लागली. भिंत म्हणजे काठ. तिथून परत उजवीकडे हात नेत आले. आधी बेसिन, मग डबे, मग बोटाला चटका. तिथे पातेलं होतं, अचानक, पूर्ण, जणू आत्ता कोणी ठेवून गेलं. बटण बंद केलं. शेगडीशेजारी जमिनीवरच बसले.

दोन बोटांना फोड आहे. परवाच्या आत बसायला हवा.

नंतर सहा वेळा केलं. भिंत, बेसिन, डबे, पहिलं बटण, दुसरं बटण. जाताना दोन्ही बटणं हाताने. डोळ्यांना विचारायचंच नाही. सहापैकी पाच वेळा जमलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सहापैकी पाच. गिरणीत असा तागा मी पास केला नसता.

सकाळी लेक आली, बोटं पाहिली. कपाट उघडून माझे स्वेटर मोजले. मी म्हटलं, ठेव ते जागेवर, अजून निकाल लागायचा आहे. ती म्हणाली, हो, लागायचा आहे. तिच्या आवाजात मला आशा ऐकू आली, पण कशाची ते कळलं नाही.

उद्या तू येऊ नकोस, असं तिला बजावलं. तू समोर असलीस की माझा हात चुकतो. बरं, म्हणाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारचे साडेतीन. सगळं संपलं. आठवतंय तोवर लिहिते.

थेरपिस्ट बाराला आली. टेबलाशी बसली, फॉर्म काढला. तुम्ही सुरू करा बाई, म्हणाली, मी मध्ये बोलले तर उत्तर द्या, काम थांबवू नका. मग पुन्हा एकदा दार वाजलं. ती उठून गेली, आली. कोण होतं विचारलं, तर म्हणाली, काम करत राहा.

भिंत. बेसिन. डबे. पातेलं डाव्याच बर्नरवर ठेवलं. उजव्यावर ठेवून पास होण्यात अर्थ नव्हता. मटार उकळले. गाजराच्या पट्ट्या काढल्या, बोट कापलं नाही. उजव्या बर्नरवर तवा, तव्यावर स्लाइस. ती मध्येच गजर लावून मला बाहेर घेऊन गेली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या, लबाड. गजर झाल्यावर मी आत आले आणि शेगडीकडे पाहिलंच नाही, सरळ भिंत गाठली. दोन्ही बटणं बंद केली. तिच्या पेनाचा आवाज आला.

मग लोणी लावताना तिने विचारलं की एवढा आटापिटा कशासाठी? लेकीकडे आराम मिळेल, ती मायाळू दिसते.

मी जे बोलले ते या वहीतही कधी लिहिलेलं नाही. अंगठा कडेवर होता, नजर लोण्यावर, म्हणून बोलून गेले असेन. म्हटलं, माझा नवरा याच घरात चार वर्षं पलंगावर पडून होता. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मी गिरणीत, दोन पाळ्या. त्याचं अंग पुसणं, त्याला भरवणं, त्याची भांडी, सगळं ती करायची. मैत्रिणी सहलीला गेल्या, ही गेली नाही. परीक्षेला ती त्याच्या पायाशी बसून अभ्यास करायची. तो गेला त्या दिवशी ती रडली नाही, तिने खिडक्या उघडल्या. मी पाहिलं, आणि आम्ही दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. "तिच्या आयुष्यात एक पलंग झालाय. दुसरा मी होणार नाही. ती नको म्हणणार नाही, म्हणून मलाच म्हणायला हवं. हे तिला सांगू नका."

पेनाचा आवाज थांबला होता.

मी दोन टोस्ट दोन ताटल्यांत टेबलावर मांडले आणि दोन्ही ताटल्या स्वतः फिरवून दाखवल्या. कडेपर्यंत. झालं, म्हटलं.

थेरपिस्ट म्हणाली, "खोलीत किती माणसं आहेत, बाई?"

मी म्हटलं, दोन.

"मान वळवा."

मी वळवली. अजून, म्हणाली. अजून. मानेची शीर ताणली तेव्हा आधी खुर्चीचा पाय आला, मग निळ्या साडीचा काठ, मग मांडीवर घट्ट धरलेले दोन हात. मग माझी लेक. टेबलाशी बसलेली, माझ्यापासून हातभर अंतरावर. किती वेळ बसली होती ते मी विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

ओट्याला भिंत असते, ब्रेडला कड असते. खोलीत माझी लेक बसलेली असेल, तर तिचा काठ मी कुठे चाचपायचा? हे मला सुचलंच नव्हतं.

नळापर्यंत जायचीही तिला शुद्ध नव्हती. माझ्यासमोर, नळ न सोडता, ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लोण्याचाच हात होता. मग ती म्हणाली, "आई, खिडक्या उघडल्या होत्या कारण बाबांना वारा आवडायचा."

पंचवीस वर्षं मी दुसरंच समजून बसले होते. हे डाव्या बाजूला झालेलं नव्हतं, समोर झालं होतं.

थेरपिस्टने मग तोंडी निकाल दिला, लेखी सोमवारी येईल. स्वयंपाकघर, हो. घर, हो, पण डाव्या बर्नरला आपोआप बंद होणारं बटण बसवायचं आणि रोज कोणीतरी एक फेरी मारायची. रस्ता, नाही. एकटीने रस्ता ओलांडायचा नाही, कारण गाड्यांना काठ नसतो. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि शेजारच्या खुर्चीचा विचार करून मिटलं. तपासनीस म्हणून सांगते, निकाल बरोबर आहे.

टोस्ट दोनच होते. लेकीसाठी तिसरा करायला उठले. भिंत, बेसिन, डबे. मटार थोडेच उरले होते, मग गाजर जास्त घातलं. तेवढ्यात तिने आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणली, मला दिसावी म्हणून.

मी तिला परत पाठवलं. म्हटलं, तू तिकडेच बस. तुला शोधायची सवय मला करायला हवी.

ती गेली आणि बसली. मी ताटली हातात घेऊन मान वळवत राहिले. पहिल्या खेपेला नाही सापडली. तिने हाक मारली नाही, खुर्ची वाजवली नाही, नुसती थांबली. दुसऱ्या खेपेला सापडली.